रुपयाचा अभ्यासक

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील बाजारात हाली रुपया चाले. सीमा ओलांडून नगरला जावे, तर कलदार रुपया लागे. हाली देऊन कलदार घेताना व्यापाऱ्याला बट्टा सोसावा लागे. देशोदेशींच्या चलनांचेही असेच असते. या गहन विषयाचा अभ्यास भीमराव आंबेडकरांनी लंडनमध्ये केला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना तेथील शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते. मुंबईत अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, काही मित्राकडून कर्जाऊ घेतला आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले.

चांदी स्वस्त झाली, की रुपयाचा भाव उतरे. मग विलायतेतील देणी फेडण्यास सरकारला अधिक रुपये लागत, आणि तो भार अखेर रयतेवर पडे. म्हणून सरकार रुपयाचा परदेशातील भाव सांभाळू पाही. परंतु देशातील वस्तूंचे दर स्थिर राहणे गरिबांना अधिक हिताचे, व त्यासाठी रुपये पाडण्यावर मर्यादा हवी, असे आंबेडकरांनी प्रबंधात मांडले. सरकारी धोरणावर ही उघड टीकाच होती! परीक्षकांनी प्रबंध परत केला. आंबेडकरांनी तो पुन्हा लिहिला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. पदवी दिली. त्यांचे गुरू प्राध्यापक कॅनन यांना त्यांची सारी मते पटली नव्हती. तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.