पंडिता रमाबाई ह्यांचें अल्पचरित्र

पदरीं लहान लेंकरें घेऊन एकट्यानें संसार ओढणाऱ्या माता आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. नेर परसोपंत व भोंवतालच्या खेड्यांतून त्या नित्य दृष्टीस पडतात. कपाशी बुडाली, कर्ज मात्र उभें राहिलें, आणि घरच्या कर्त्या पुरुषानें जीव दिला, अशा घरांमुळें यवतमाळ जिल्ह्याचें नांव देशभर झालें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांकरितां विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत आमचा जिल्हा होता. म्हणून ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत चरित्र कोणाचें द्यावें असा विचार करितां, जी स्वतः तेवीस वर्षांच्या वयांत दहा महिन्यांची मुलगी घेऊन विधवा झाली, आणि जिनें पुढें हजारों निराधार स्त्रियांस विद्या व अन्न दोन्ही दिलीं, तिचेंच नांव आम्हांस योग्य वाटलें. बाई आमच्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन मंडळींत झाला, व पुढें त्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांशींहि त्यांचें सर्वस्वीं जुळलें नाहीं. तो वाद येथें उकरून काढण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकविलें हा त्यांचा अपराध, आणि त्यासाठीं त्यांस उडुपीस पंडितांपुढें शास्त्रार्थ करावा लागला. त्याच पत्नीनें, लक्ष्मीबाईंनीं, रमेस पहांटे उठवून संस्कृत पढविलें. कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत फिरे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां जवळचें द्रव्य संपलें आणि वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. मागें रमा व तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें उरलीं. ज्यांच्या मुखीं हजारों श्लोक होते त्यांस मूठभर धान्य मिळण्याची मारामार. आणि मजुरी करावी तर हातांस कसलें कामच ठाऊक नाहीं. विद्येबरोबर हातांस काम हवें हा जो बाईंचा पुढें कटाक्ष दिसतो, त्याचें मूळ आमच्या मतें ह्या दिवसांत आहे.

पायीं हिंडत हीं भावंडें १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें पंडितांनीं रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी नांवाच्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, तेव्हां दोन्हीकडच्या समाजांनीं त्यांस दूर केलें. एप्रिल १८८१ मध्यें मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें मेधावी वारले.

ह्या प्रसंगीं विधवेची स्थिति काय होती तें आजच्या तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. उच्चवर्णीय विधवेचें केशवपन होई, एकवेळ जेवण, शुभकार्यांत तोंड दाखविण्याची बंदी. १८५६ च्या कायद्यानें पुनर्विवाहास मोकळीक दिली खरी. परंतु पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतील हक्क जाई, आणि न केल्यास सासरच्या स्वयंपाकघरांत फुकट राबणें हेंच नशिबीं. लेंकुरवाळी असेल तर मुलाच्या घांसासाठीं तिला सर्व मुकाट्यानें सोसावें लागे. हातीं विद्या नाहीं, पैसा नाहीं, नांवावर जमीन नाहीं. ह्यांतील शेवटची गोष्ट आमच्या तालुक्यांत अद्यापि किती घरीं खरी आहे, हें सात-बाराचे उतारे चाळणाऱ्यास विचारावें.

रमाबाई पुण्यास आल्या व १८८२ सालींच त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करण्याची मागणी त्यांनीं केली. स्वतःस वैद्यक शिकावें म्हणून विलायतेस जाण्याचें ठरलें, पण पैसा कोठून आणावा? त्यांनीं स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ सालीं मुलीसह बोटीचें भाडें भरलें. वॉन्टेज येथील मठांतील भगिनींकडे त्या राहिल्या. हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावें व त्याच्या मोबदल्यांत आपण इंग्रजी शिकावें असा तो व्यवहार होता. कोणाच्या उपकाराखालीं राहावयाचें नाहीं हा त्यांचा बाणा येथें स्पष्ट दिसतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें डॉक्टर होण्याचा बेत मात्र मोडला, आणि चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या व स्वतःचाहि अभ्यास करूं लागल्या.

१८८६ च्या मार्चमध्यें आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि अमेरिकेंत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यान पद्धति त्यांनीं तेथेंच अभ्यासिली. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहून तें आपल्या आईस अर्पण केलें. त्याच्या हजारों प्रती खपल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेस दहा वर्षें द्रव्य पुरविण्याचें तिनें पत्करिलें. गांवोगांवीं लहान लहान मंडळें करून थोडथोडी वर्गणी जमवावयाची, अशी तिची रीत होती. दहा वर्षांची ही हमी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. विधवेस एकदां लुगडें किंवा शंभर रुपये देणारे पुष्कळ भेटतात. परंतु अक्षरओळखीपासून नोकरीपर्यंतचीं वर्षें तिला निर्वेध मिळावीं, ह्याची तजवीज करणारा विरळा.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. आरंभीं विद्यार्थिनी अगदीं थोड्या. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी ही आठव्या वर्षींच विधवा झालेली कोंकणांतील मुलगी होती. पुढील वर्षीं खर्च झेपावा म्हणून सदन पुण्यास हलविलें. रानडे, भांडारकर, तेलंग ह्यांसारखे थोर हिंदु गृहस्थ सल्लागार मंडळांत होते. धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असा करार होता. पण बाईंच्या प्रार्थनेच्या वेळीं खोलीचें दार उघडें असे आणि कांहीं मुली आंत येऊन बसत. ह्यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें, टिळकांच्या केसरीनें टीकेची झोड उठविली, सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि बऱ्याच मुलींस पालकांनीं काढून नेलें. बाईंची बाजू आम्हांस समजते. तथापि ज्यांनीं विश्वासानें मुली स्वाधीन केल्या त्यांस फसविल्यासारखें वाटलें, ह्यांतहि कांहीं नवल नाहीं. उभय पक्षांस आपापल्या परीनें कारण होतें, आणि शिक्षण बुडालें तें मुलींचें.

गोदूबाईंची हकीकत येथें थोडी विस्तारानें देतों. त्याच मार्च १८९३ मध्यें त्यांनीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ही एका मुलाची विधवा आई. ती आश्रमांत येऊन मोठेपणीं शिकली व पुढें आश्रमासाठीं वर्गणी मागत देशभर, इतकेंच नव्हे तर अमेरिकेपर्यंत गेली. शारदा सदनांतील पुष्कळ मुली शिक्षिका, दाया व नर्सा होऊन आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हां रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. आमच्या वऱ्हाडास लागून, वर्धा नदीपलीकडचाच तो मुलूख. पोरक्या मुली व तरुण विधवा दुष्काळी कामांवर व रस्त्यांत कोणाच्या हातीं सांपडतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. आपलेंच बाळपण त्यांस तेथें भेटलें असेल. तीनशे जणींस आणण्याचा संकल्प करून त्या एकेक तुकडी परत नेऊं लागल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें मुलींस केडगांवच्या शेतांत ठेवावें लागलें. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरील ही माळरानाची जमीन बाईंनीं आधींच घेऊन ठेविली होती. विहिरी खणल्या, झाडें लाविलीं, आणि १८९८ सालीं तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडापासून गुजराथेपर्यंत पसरला, तेव्हां सदनांतील माणसांची संख्या १,९०० च्या घरांत गेली. इतक्या तोंडांस अन्न घालावयाचें तर सर्वांस काम हवें. शेती, गाई, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व बायकाच चालवीत. पतितांकरितां कृपा सदन निराळें होतें. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपि शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं अंगावर घेतलें.

मनोरमेविषयीं लिहावयाचें तर ती सदैव आईच्या कामाच्या मागें राहिली. लहानपणीं आई चेल्टनहॅमला असतां ती वॉन्टेजच्या भगिनींजवळ असे. पुढें इंग्लंड व अमेरिकेंत शिकून आली आणि शारदा सदनाची मुख्य झाली. आईच्या मागें सर्व संस्था तिनेंच पाहावी असें ठरलेलें होतें.

अखेरचीं वर्षें बाईंनीं पवित्र शास्त्राचें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत घालविलीं. खेड्यांतील बाईला कळेल अशी मराठी त्यांस हवी होती. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं चाळीस वर्षांची मनोरमा वारली. बाईंनीं हातचें भाषांतर सोडलें नाहीं. तें पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांचें दफन तेथेंच झालें. मुक्ति सदनांत आजहि निराधार स्त्रिया व मुलें राहतात.