टपाल, विमान आणि भागधारकाची भीती
(जे. आर. डी. टाटा यांच्या जीवनातील एक अध्याय)

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र), मु. नेरे, ता. पनवेल

जे. आर. डी. टाटा यांचे नाव निघाले की आपल्याला पोलाद, भारतरत्न आणि विमान या तीन गोष्टी चटकन आठवतात. विमान म्हटले की डोळ्यांपुढे प्रवासी येतात. परंतु जे. आर. डीं.नी सुरू केलेली विमानसेवा मुळात प्रवाशांसाठी नव्हती. ती टपालाच्या पिशव्या वाहण्यासाठी होती. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

राष्ट्रीयीकरणाचे फायदे व तोटे हा प्रश्न आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. फायदे पाच, तोटे पाच आणि शेवटी दोन ओळींचा समारोप. या दहा मुद्द्यांत ज्याची कंपनी गेली, तो माणूस मात्र कोठेच दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात मी या थोर पुरुषाचे चरित्र एकाच बाजूने पाहणार आहे. टपाल वाहणाऱ्या कंपनीत पैसा गुंतवणाऱ्याने संपाला किती भ्यावे आणि राष्ट्रीयीकरणाला किती, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. जे. आर. डीं.च्या आयुष्यात या दोन्ही भीती एकापाठोपाठ येऊन गेल्या.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. बालपणाचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला. इंग्लिश खाडी प्रथम विमानाने ओलांडणारे ब्लेरिओ तेथे त्यांचे शेजारी होते, आणि विमानाचे वेड त्यांना लागले ते तेव्हापासून. १९२५ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. या देशात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातील एक माजी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला. विलायतेचे टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तेथून पुढे मुंबई आणि मद्रासकडे ते आगगाडीने जाई. हे टपाल कराचीहून विमानाने पुढे न्यावे, अशी ती योजना होती. त्यासाठी सुमारे २ लाख रुपयांचे भांडवल लागणार होते. टाटांच्या पसाऱ्यात ही रक्कम फार मोठी नव्हती, पण सरकारचा होकार यायला तीन वर्षे लागली. अखेर १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सरकारचे अनुदान नाही. टपाल वाहावे आणि त्याचा मोबदला घ्यावा, एवढाच सौदा.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. स्वतः एक लहानसे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. विमानात सुमारे २५ किलो टपाल होते. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंटने पार पाडला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पहिल्या वर्षी कंपनीला सुमारे ६० हजार रुपये नफा झाला.

या धंद्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. विमान उडाले की पेट्रोल जळते, मग पिशवी भरलेली असो वा रिकामी. उत्पन्न मात्र पिशवीवर, आणि पिशवी द्यायची ती टपाल खात्याने. म्हणजे गिऱ्हाईक एकच आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. टपालाचे दर सरकारच्या हाती, मार्ग सरकारच्या हाती, पेट्रोलवरचा कर सरकारच्या हाती. भागधारकाच्या हाती राहतो तो फक्त कागद. १९३८ मध्ये साम्राज्याच्या हवाई टपाल योजनेमुळे पिशव्या एकदम वाढल्या आणि धंदा भरभराटीला आला. त्याच वर्षी जे. आर. डी. वयाच्या चौतिसाव्या वर्षी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. सरकारच्या एका निर्णयाने भरभराट येते, हे तेव्हा दिसले. दुसऱ्या निर्णयाने ती जाऊही शकते, हे दिसायला अजून अवकाश होता.

आता १९४६ च्या जुलै महिन्याकडे वळू. महायुद्ध संपले होते आणि महागाईने नोकरदार वर्ग पिचून गेला होता. ११ जुलैपासून टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. २२ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईतील कामगारांनी एक दिवसाचा संप केला आणि २९ जुलैला कलकत्त्यात सार्वत्रिक हरताळ झाला. योगायोग पाहा : २९ जुलै १९४६ याच दिवशी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत झाले. जे. आर. डीं.चा तो बेचाळिसावा वाढदिवस. ज्या दिवशी सामान्य गुंतवणूकदाराला या कंपनीचे दार उघडले, त्या दिवशी देशातील टपाल बंद पडले होते!

पण संपाची भीती एका मर्यादेपलीकडे जात नाही, असे माझे मत आहे. पोस्टमन संपावर गेला तरी लोक पत्रे लिहायचे थांबत नाहीत. पत्रे साठतात, आणि संप मिटला की तीच पत्रे पुढे जातात. ऑगस्टमध्ये तो संप मिटला. संपकऱ्याला कामावर परत यायचे असते, खात्याला त्याला परत घ्यायचे असते. म्हणून संपाला शेवट असतो. शिवाय संपकऱ्याचे गाऱ्हाणे खरे असेल तर त्याचा खर्च मांडता येतो. पगारवाढ किती, महागाई भत्ता किती, हे आकडे ताळेबंदात लिहिता येतात. जे. आर. डीं.नी पुढे कामगारांशी वागताना हेच सूत्र पाळलेले दिसते. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९५६ मध्ये झालेल्या करारात त्यांनी कामगारांच्या संघटनेला कारभारात सहभागाची वाट करून दिली.

राष्ट्रीयीकरणाची भीती वेगळी. तिला तारीख नसते.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि ज्याला त्याला विमान कंपनी काढण्याचा मोह झाला. सरकारनेही गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले. इतक्या कंपन्या या देशात जगणार नाहीत, हे जे. आर. डी. सांगत होते. अंबिका आणि ज्युपिटरसारख्या कंपन्या लवकरच बंद पडल्या. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत फिरत. कल्पना देखणी होती. तिच्या आर्थिक बाजूबद्दल मात्र जे. आर. डीं.चा दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी कडाक्याचा वाद झाला. टपालाचे दर इतके कमी ठेवून ही सेवा चालवणे परवडणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अखेर सरकारने १९५० मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. १९४६ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या तंट्यात निवाडा देण्याचे काम याच न्यायमूर्तींकडे होते. म्हणजे टपाल वाटणाऱ्यांचे गाऱ्हाणे आणि टपाल उडवणाऱ्यांचे गाऱ्हाणे, दोन्ही एकाच मराठी माणसाने तपासले. समितीने सांगितले की कंपन्या एकत्र येऊन चारच राहाव्यात आणि राष्ट्रीयीकरण तूर्त नको.

या 'तूर्त' शब्दातच सारी मेख आहे. आज नको, म्हणजे उद्या? पाच वर्षांनी आपली कंपनी सरकार घेणार असेल, तर तिच्यात आज कोण नवा पैसा घालील? विमाने जुनी झाली होती, नवी घ्यायला भांडवल हवे होते, आणि भांडवल येईना. मग याच गोष्टीवर बोट ठेवून सांगण्यात आले की खाजगी कंपन्यांना नवी विमाने घेण्याची ऐपत नाही, तेव्हा सरकारने हा धंदा घेतला पाहिजे. माझ्या मते येथे भीतीनेच भीतीचे कारण निर्माण केले. कंपन्यांचा आपसातील अविचारी स्पर्धेचा दोषही मोठा होता, हे नाकारता येत नाही. पण अनिश्चिततेने उरलीसुरली उमेद मारली.

जे. आर. डी. सरकारी मालकीचे आंधळे विरोधक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९४४ च्या प्रसिद्ध मुंबई योजनेवर त्यांची सही आहे, आणि त्या योजनेत सरकारला मोठे स्थान दिलेले आहे. १९४८ साली सुरू झालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनल या परदेशी सेवेत त्यांनी स्वतःहून सरकारला ४९ टक्के भागीदार करून घेतले होते. त्यांचा आक्षेप रीतीला होता. १९५२ च्या नोव्हेंबरात दळणवळण मंत्री जगजीवन राम यांनी त्यांना बोलावले, तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता. उरला होता फक्त भरपाईचा प्रश्न. वीस वर्षे ज्याने हा धंदा वाढवला त्याला कोणी विचारलेही नाही, याचे दुःख त्यांनी पंडित नेहरूंना कळवले. नेहरू त्यांचे स्नेही होते, पण निर्णय बदलला नाही.

१९५३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्टपासून दोन महामंडळांनी कारभार हाती घेतला. भरपाई ठरली ती विमानांच्या आणि सामानाच्या खरेदी किमतीतून झीज वजा करून, आणि तिचा मोठा भाग सरकारी रोख्यांत. वक्तशीरपणाचा लौकिक, आखलेले मार्ग, शिकवून तयार केलेली माणसे यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

पनवेल तालुक्यात राहणाऱ्याला हा प्रश्न परका वाटत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८४ साली जासईच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी दहा गावे उठली. गाढी नदीच्या काठच्या आमच्या नेऱ्यातही 'नैना'चे नाव निघाले की माणसे विहीर बांधायची की नाही, घर वाढवायचे की नाही, याचा विचार करीत बसतात. जमीन गेलेली नसते. पण जाईल या विचाराने हात थांबतो. भागधारक आणि शेतकरी यांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. तरीही थांबलेला हात दोघांचा सारखाच.

सुधारलेल्या देशांतही हेच दिसते. ब्रिटनने २०१३ मध्ये रॉयल मेल ही टपाल कंपनी शेअर बाजारात आणली. २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ती परत घेण्याचे वचन दिले आणि २०२२ मध्ये तेथे मोठे संप झाले. तेथील भागधारकापुढेही त्याच दोन भीती उभ्या राहिल्या.

आता जे. आर. डीं.नी काय केले ते पाहू. कंपनी गेल्यावर ते रुसून बाजूला झाले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु सरकारने विनंती करताच त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे पाव शतक, ते वेतन न घेता सांभाळले. त्या वर्षी मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केले. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एकदा कराची ते मुंबई असे जुन्या बनावटीचे विमान एकट्याने चालवले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला ते राहिले नाहीत.

राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, याचा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. १९५३ नंतर आडमार्गावरच्या शहरांनाही विमान मिळाले, हा लाभ खराच. मला एवढेच म्हणावयाचे आहे की सरकारला एखादी वस्तू घ्यावयाची असेल तर ती स्पष्ट सांगून, वेळ ठरवून आणि मालकाला विचारून घ्यावी. घेण्यापेक्षा टांगून ठेवण्याने नुकसान अधिक होते. जे. आर. डीं.सारखा माणूस मालकी गेल्यावरही काम करीत राहिला. पण प्रत्येक भागधारक किंवा प्रत्येक शेतकरी जे. आर. डी. नसतो, आणि कायदे करायचे असतात ते सामान्य माणसासाठीच.