तलवारीकडून तंबोऱ्याकडे : मिरजेचे फरीदसाहेब
तंतुवाद्य निर्मितीत मिरजेचे नाव देशभर पोहोचले, त्याचे श्रेय प्रामुख्याने फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे जाते. शस्त्रे घडवून त्यांना धार लावणे हा घराण्याचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि उपजीविकेचाच प्रश्न उभा राहिला. १८५० च्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या या संगीतप्रेमी नगरीत, फरीदसाहेब तंबोरे व सतारी घडवू लागले. पंढरपूर परिसरातील वाळवलेला भोपळा तारेचा क्षीण नाद कोणत्याही यंत्राविना वाढवतो. मात्र घोडीवर जवारी साधली नाही, तर उत्तम भोपळाही मुकाच. ती आजही हाताने घासून, कानाने पारखूनच लावतात. फरीदसाहेबांच्या वंशजांनी ही कला जोपासली असून मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.