प्रवाहातील माशांचे अभ्यासक : डॉ. सुंदरलाल होरा

पावसाळ्याच्या अखेरीस घाटातून उतरणाऱ्या एखाद्या ओहोळात पाऊल टाकून पाहा. पाण्याची ओढ अशी असते की पायाखालचे खडे सरकतात. त्याच पाण्यात बोटभर लांबीचा मासा मात्र दगडाला बिलगून स्वस्थ असतो. तो वाहून का जात नाही? ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचणारा एक शास्त्रज्ञ आपल्या देशात होऊन गेला.

सुंदरलाल होरा यांचा जन्म १८९६ साली पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. ते गाव आज पाकिस्तानात आहे. लाहोर येथे त्यांचे प्राणिशास्त्राचे शिक्षण झाले. १९१९ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक डॉ. अ‍ॅनंडेल लाहोरास आले असता हा तरुण त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्यास कलकत्त्यास बोलावून घेतले. लवकरच होरा मणिपूरच्या व खासी टेकड्यांच्या ओढ्यांतून हिंडू लागले.

संग्रहालयातील बाटलीत ठेवलेला मासा पाहून त्याचे नाव ठरवता येते. तो तसा का घडला, हे मात्र त्याच्या पाण्याकाठी गेल्यावाचून कळत नाही. होरा यांचे वेगळेपण ह्यातच होते. मासा आम्हा गोमंतकीयांच्या ताटात रोजचा, पण त्याच्या पोटाखालची बाजू निरखून पाहणारे आपल्यात किती? होरा यांनी नेमकी तीच पाहिली. खळाळत्या पाण्यातील माशांचे पोट सपाट असते. छातीचे व पोटाचे पर आडवे पसरून दगडाला टेकतात. काहींच्या छातीवरील कातडीला चुण्या पडून तिची पकड घट्ट झालेली असते. दख्खनच्या नद्यांतील मळ्या माशाच्या खालच्या ओठामागे तर मांसल चकतीच असते. तोंडही समोर न राहता खाली वळलेले असते, कारण अशा जागी अन्न म्हणजे मुख्यतः दगडावरचे शेवाळ. ते खरवडून खाणाऱ्या मळ्याचे आतडे लांबलचक व वेटोळ्यांचे असते. प्रवाहाने शरीर बदलले आणि त्याबरोबर आहारही बदलला. ह्या विषयावरील त्यांचा विस्तृत प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३० साली प्रसिद्ध केला.

पुढे ते अगदी उलट टोकाला, साचलेल्या पाण्याकडे वळले. तेथे प्राणवायू अपुरा पडतो. म्हणून मरळ माशाच्या कल्ल्यांवर हवा साठवणारी पोकळी असते, आणि त्यास पृष्ठभागी येऊ दिले नाही तर तो पाण्यातच गुदमरून मरतो! संस्कृत ग्रंथांतही ते रमले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गळाने मासे धरण्याचे प्रकरण आहे. त्यावर त्यांनी सविस्तर लेख लिहिला.

१९४७ नंतर ते प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. ह्याच काळात त्यांच्या सातपुडा सिद्धान्ताची बरीच चर्चा झाली. आसाम व मलायाकडील ओढ्यांतल्या माशांसारखे मासे दूर सह्याद्रीत कसे आढळतात? होरा यांच्या मते विंध्य-सातपुड्याच्या रांगा एके काळी अधिक उंच, अधिक पावसाच्या व सलग होत्या, आणि त्यांतील ओढ्यांच्या वाटेने हे मासे पश्चिमेस आले. पुढील अभ्यासकांनी मात्र हा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्या रांगा तशा सलग व उंच असल्याचा पुरावा भूगर्भशास्त्रात मिळत नाही, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सारख्या प्रवाहात राहणाऱ्या माशांची शरीरे स्वतंत्रपणेही सारखी घडू शकतात. मग केवळ साम्यावरून नाते कसे ठरवावे? आणि प्रवाह शरीराला घडवतो, हे तर होरा यांनीच जगास दाखवून दिले होते! माझ्या मते ह्यात त्यांचा पराभव नाही. त्यांच्याच पहिल्या कामाचे बळ त्यांच्या दुसऱ्या कामाच्या आड आले, इतकेच.

८ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईचे मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९४० साली एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशास होरा यांचे नाव दिले होते. १९५० साली केरळातील कोट्टायमच्या विहिरीत सापडलेल्या एका माशाच्या प्रजातीलाही त्यांचेच नाव मिळाले: होराग्लानिस. जमिनीखालच्या काळोखातील पाण्यात राहणाऱ्या ह्या माशाला डोळेच नाहीत.