विजेची शिदोरी

महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाला, प्राणहिता नदीच्या काठी, सिरोंचा हे तालुक्याचे गाव वसले आहे. थोडे खाली गेले की प्राणहिता गोदावरीला मिळते. जिल्ह्याचे ठाणे जे गडचिरोली, ते येथून सुमारे २०० किलोमीटर दूर. वाटेत आलापल्लीचे सागवानी रान लागते. पावसाळ्यात नद्यांना पूर येतात, वादळाने तारांवर झाडे कोसळतात आणि एकदा वीज गेली की ती केव्हा परत येईल याचा भरवसा नसतो. अशा रात्री घरातील विजेरी हाच काय तो आधार. म्हणून विजेरीचे सेल विकत घेताना माणसे ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहतात. पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या सेलवर तर एक मोठा आकडाही छापलेला असतो. परंतु तांदूळ दाताखाली धरून पारखता येतो, मडके टिचकी मारून पारखता येते. सेल मात्र बाहेरून पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. भरलेला आणि रिकामा, नवा आणि झिजलेला, खरा आणि खोटा, सारे दिसायला सारखेच.

हा पेच नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका जगप्रसिद्ध संशोधकालाही तो पडला होता, आणि तो सोडविण्यात त्याच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे खर्ची पडली. त्या संशोधकाचे नाव थॉमस आल्वा एडिसन.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातील मिलान या लहानशा गावी झाला. तो सात वर्षांचा असताना त्याचे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे जाऊन राहिले. शाळेत तो जेमतेम काही महिनेच गेला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले आणि वाचनाची गोडी लावली. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यातील एका कोपऱ्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या होत्या व गाडी धावत असताना तेथे त्याचे प्रयोग चालत. लहानपणापासूनच त्याला ऐकू कमी येऊ लागले होते, पण त्यामुळे तो कधी अडून राहिला नाही.

१८६२ साली एका स्टेशनावर रुळांवर खेळणारे एक लहान मूल त्याने येणाऱ्या डब्यापुढून उचलून वाचविले. ते मूल स्टेशनमास्तरांचे होते. त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी एडिसनला तारायंत्राची विद्या शिकविली. एडिसन तारमास्तर झाला आणि गावोगाव नोकऱ्या करू लागला.

त्या काळी तारायंत्रे विद्युत्घटांवर चालत. तार कचेरीत काचेच्या बरण्यांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या असत. त्यांतील जस्त हळूहळू झिजे आणि त्यापासून वीज मिळे. जस्त संपले की नवे घालावे लागे. एडिसनला या बरण्यांचे विलक्षण आकर्षण होते. वाचनाला व प्रयोगांना वेळ मिळावा म्हणून तो मुद्दाम रात्रपाळी मागून घेई. १८६७ साली लुइव्हिल शहरात असताना एका रात्री तो शिशाच्या घटावर प्रयोग करीत होता. त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले, लाकडी जमिनीच्या फटींतून ते खालच्या मजल्यावर झिरपले आणि नेमके वरिष्ठांच्या मेजावर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी एडिसनची नोकरी गेली. विद्युत्घटाची आणि त्याची संगत मात्र सुटली नाही.

पुढे एडिसन मोठा झाला. १८७७ साली त्याने बोललेला शब्द टिपून ठेवणारा फोनोग्राफ तयार केला, १८७९ साली टिकाऊ विजेचा दिवा सिद्ध केला आणि १८८२ साली न्यूयॉर्क शहराच्या एका भागाला वीज पुरविणारे केंद्र सुरू केले. या गोष्टी सर्वश्रुत आहेत. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की त्याच्या घटाची कथा त्यांच्या आड झाकून गेली.

यंत्राने निर्माण केलेली वीज त्याच क्षणी वापरावी लागते. धान्य कणगीत भरून ठेवावे तशी ती ठेवता येत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला जशी शिदोरी, तशी विजेचीही शिदोरी बांधता आली पाहिजे, हा विचार अनेकांनी केला होता. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून असा घट बनविला. त्यात यंत्राची वीज सोडली की पत्र्यांवर रासायनिक बदल घडून येतो. नंतर घट वापरू लागले की तोच बदल उलट होतो आणि वीज परत मिळते. अशा रीतीने तोच घट पुन्हा पुन्हा भरता येतो. ही युक्ती लोकांना इतकी आवडली की १८८० नंतर असे घट विकणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. त्यांच्या जाहिरातींना काही सुमार नव्हता. १८८३ साली एडिसनने वर्तमानपत्रातून या धंद्यावर कडक टीका केली. हे घट सांगितल्याप्रमाणे काम करीत नाहीत व भोळ्या गुंतवणूकदारांचा पैसा मात्र जातो, असा त्याचा आक्षेप होता.

१८९९ च्या सुमारास तोच एडिसन स्वतः घट बनवायला बसला. त्याचे वय तेव्हा ५२ वर्षांचे होते. लोखंडाच्या खनिजाच्या एका उद्योगात त्याचा बराच पैसा नुकताच बुडाला होता. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. रस्त्यांवर त्या वेळी विजेच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्यांतील शिशाचे घट फार जड असत व त्यांतील आम्ल धातूला खाऊन टाकी. आम्लाऐवजी क्षाराचा द्रव वापरून हलका व चिवट घट करावा, असे एडिसनच्या मनाने घेतले. त्याने व त्याच्या सहाय्यकांनी हजारो प्रयोग केले. धातूंच्या जोड्यांमागून जोड्या तपासल्या गेल्या. अखेर एका बाजूस निकेल, दुसऱ्या बाजूस लोखंड आणि मध्ये कॉस्टिक पोटॅशचे पाणी, ही रचना पक्की झाली. याच काळात स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही स्वतंत्रपणे अशाच घटांवर काम करीत होता. १९०१ साली एडिसनने घटांसाठी कंपनी स्थापन केली व १९०३ च्या सुमारास त्याचे घट विक्रीला आले.

त्याच्या नावाची ख्याती एवढी होती की घटांना ताबडतोब मागणी आली. परंतु थोड्याच काळात तक्रारीही येऊ लागल्या. काही पेट्यांच्या सांध्यांतून द्रव गळू लागला. त्याहून मोठा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. घट पूर्वीसारखाच भरला जाई, पण पूर्वीइतका वेळ पुरत नसे. त्याची धारणशक्ती घटत चालली होती.

धारणशक्ती म्हणजे काय, हे घरातील पेन्सिल सेलवरूनही समजते. सेलवर २००० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ असा की त्यातून २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला असता तो सुमारे १० तास पुरावा. हे खरे की खोटे, ते पाहण्याचा मार्ग एकच. सेल पूर्ण भरावा, त्यातून ठराविक प्रवाह सतत घ्यावा आणि त्याचा दाब १ व्होल्टवर उतरेपर्यंत किती तास गेले ते घड्याळ लावून मोजावे. ९ तास गेले तर १८०० भरले. ५ तासच गेले तर १०००, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. नुसता दाब मोजून ही गोष्ट कळत नाही, कारण निकेलचा सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपासच राहतो. घागर किती मोठी आहे ते वरून पाण्याचे तोंड पाहून सांगता येत नाही. मापाने ओतूनच पाहावे लागते, तसाच हा प्रकार.

एडिसनच्या प्रयोगशाळेत नेमके हेच चाले. घट भरायचे, रिकामे करायचे, आकडे वहीत टिपायचे आणि पुन्हा भरायचे. पहिल्या दिवशीचा आकडा चांगला येई. पण अनेकदा भरून रिकामे केल्यावर कित्येक घटांचा आकडा खाली येई, आणि काहींचा येत नसे. हाच सर्वांत चमत्कारिक भाग होता. एकाच कारखान्यातील, एकाच साच्यातील घट असे वेगवेगळे का वागतात, याचा उलगडा होईना.

ग्राहकांची मागणी तर चालूच होती. शिशाच्या घटांपेक्षा हे घट बरेच, असे म्हणणारे पुष्कळ होते. विक्री चालू ठेवली असती तर कोणी एडिसनला अडविले नसते. तरीही त्याने कारखान्यातील उत्पादन थांबविले व सदोष घट परत घेतले. त्यात लक्षावधी डॉलर अडकले. विजेच्या दिव्याच्या शोधापेक्षाही एडिसनची खरी पारख या निर्णयात होते, असे म्हणावयास हरकत नाही. कारण वीस वर्षांपूर्वी त्याने ज्या धंद्यावर टीका केली होती, तो आता त्याचा स्वतःचा होता.

त्यानंतरची पाच वर्षे दोष शोधण्यात गेली. निकेलच्या बाजूला वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्राफाइटची पूड मिसळलेली असे. भरण्याच्या व रिकामे होण्याच्या क्रियेत ती पूड खराब होई आणि निकेलचा संपर्क तुटे. मग घटातील काही भाग असून नसल्यासारखा होई. ग्राफाइटच्या जागी शुद्ध निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे घालावेत, असे ठरले. पण ते करावेत कसे? एडिसनने विजेच्या साहाय्याने एकावर एक तांब्याचे व निकेलचे थर चढविले, त्या पत्र्याचे बारीक तुकडे केले आणि त्यांतील तांबे रसायनाने विरघळवून टाकले. उरले ते कागदाहूनही पातळ निकेलचे पापुद्रे. निकेलची पूड व हे पापुद्रे भोके पाडलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरले गेले. द्रवात लिथियमचा क्षार थोडासा मिसळल्याने धारणशक्ती आणखी वाढली. घट गाडीवर चढवून खडबडीत रस्त्यांवरून फिरविण्यात आले. त्यांना मुद्दाम धक्के देण्यात आले, आणि त्यानंतर ते पुन्हा भरून मोजण्यात आले.

१९०९ साली नवा घट बाजारात आला, तेव्हा एडिसन ६२ वर्षांचा होता. शिशाच्या घटापेक्षा हा महाग होता. पण किमतीचा हिशेब केवळ दुकानात दिलेल्या पैशांवर संपत नाही. समजा, एकदा वापरून फेकावयाचा सेल २० रुपयांना मिळतो आणि भरता येणारा २०० रुपयांना. दुसरा सेल ३०० वेळा भरता आला तर, भरण्याचा किरकोळ खर्च सोडल्यास, दर खेपेस एक रुपयाही पडत नाही. तोच सेल २० वेळांतच निकामी झाला तर दर खेपेस १० रुपये पडतात, आणि पाच वेळांतच निकामी झाला तर ४०. तेव्हा आज किती वीज मावते याबरोबरच शंभराव्या वेळी किती मावेल, हेही विचारावे लागते. एडिसनचा घट याच कसोटीवर उतरला. तो वर्षानुवर्षे टिके आणि चुकून पूर्ण रिकामा राहिला तरी सहसा बिघडत नसे.

त्याच्यात उणिवाही होत्या. थंडीत तो मंदावे, आणि भरून नुसता ठेवला तरी त्यातील वीज हळूहळू ओसरे. शिवाय १९०८ साली हेन्री फोर्डची स्वस्त पेट्रोल मोटार निघाली व विजेच्या गाड्यांचे दिवस पालटले. ज्या कामासाठी एडिसनने दहा वर्षे घालविली, ते काम अशा रीतीने त्याच्या हातून निसटले. पण घट वाया गेला नाही. आगगाड्यांचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, माल वाहणाऱ्या गाड्या यांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. खाणकामगारांच्या टोपीवरील दिव्यासाठी त्याने लहान घट बनविला. उघड्या ज्योतीमुळे खाणीत स्फोट होत. ते भय या दिव्याने कमी केले. पुढे घटांच्या धंद्याने एडिसनला चांगला पैसाही मिळवून दिला.

घरोघरच्या चार्जरमध्ये बसणारे पेन्सिल सेल याच घराण्यातील आहेत. त्यांत एका बाजूस निकेल व मध्ये पोटॅशचे पाणी आजही असते. लोखंडाची जागा प्रथम कॅडमियमने घेतली आणि कॅडमियम विषारी असल्यामुळे नंतर एका मिश्रधातूने घेतली. चांगल्या पेन्सिल सेलचे वजन सुमारे २६ ते ३० ग्रॅम भरते व त्याची धारणशक्ती बहुधा २००० ते २६०० मिलिअँपिअर-तास असते. तेवढ्याच आकाराच्या निकेलच्या सेलवर ५००० छापलेले असेल, तर ते खोटे समजावे. मीटर जवळ नसल्यास एकाच विजेरीत जुने व नवे सेल पाळीपाळीने घालून, घड्याळ पाहून, त्यांची तुलना करता येते. मात्र उजेड मंदावताच विजेरी बंद करावी. अगदी अंधार होईपर्यंत ती चालू ठेवली तर जोडीतील दुबळ्या सेलचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा बिघडू शकतो.

एडिसनने अखेरपर्यंत प्रयोगशाळा सोडली नाही. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंटे होती. त्याचा घटांचा कारखाना पुढे चार दशके चालला. १९७२ साली तो दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि १९७५ साली तेथे लोखंड-निकेलचे घट बनणे थांबले. जुन्या विजेच्या गाड्या जतन करणाऱ्या काही लोकांकडे त्या काळच्या पोलादी पेट्या अजून आहेत. आतील द्रव बदलून त्या भरल्या असता त्यांतील कित्येक आजही वीज देतात.