बेळगावचे मॅरेथॉनवीर फडेप्पा चौगुले

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान उभारले. मल्लाला तालीम, वस्ताद, खुराक आणि राजाश्रय असे सारे काही या करवीरनगरीत लाभत होते. धावपटूच्या वाट्याला मात्र यांपैकी काहीच येत नव्हते. कोल्हापूरच्या दक्षिणेस शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर असलेल्या बेळगावात १९०२ साली जन्मलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले याच अभावातून ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले.

त्यांचा मार्ग पुण्यातून गेला. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ साली तेथील क्रीडास्पर्धा पाहिल्या. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली मुले खडबडीत रस्त्यावर अनवाणी धावत होती. शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते आणि शास्त्रशुद्ध सरावाचा गंधही नव्हता. तरीही सुमारे पंचवीस मैलांची 'डेक्कन मॅरेथॉन' ती पार करीत. हा कस पाहून टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी चार धावपटू व दोन मल्ल रवाना झाले. संघाने लंडनमध्ये सराव केला. परंतु वर्षानुवर्षांची उणीव काही आठवड्यांत भरून निघणे शक्य नव्हते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा ५५५ मीटर अधिक. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन व दक्षिण आफ्रिकेचा ख्रिस गिटशॅम यांनी पूर्वार्ध एकमेकांना सोबत ठेवून कापला. उत्तरार्धात कोलेहमाइनेनने आघाडी घेतली. गिटशॅमला शर्यत सोडावी लागली. एस्टोनियाच्या युरी लॉसमनने अखेरीस मुसंडी मारली, पण तेरा सेकंदांनी त्याचे सुवर्णपदक हुकले. विजेत्याची वेळ होती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद.

चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वे आले. अठरा वर्षांच्या या तरुणाने दर किलोमीटरला सरासरी चार मिनिटांची गती राखली होती. कोलेहमाइनेनची गती सुमारे साडेतीन मिनिटांची होती. हे अंतर केवळ दमाचे नव्हते. कोलेहमाइनेनच्या पाठीशी १९१२ च्या ५ हजार व १० हजार मीटर शर्यतींतील सुवर्णपदके आणि त्यानंतर अमेरिकेत धावलेल्या मॅरेथॉनचा अनुभव होता. कोठे प्रतिस्पर्ध्याला सोबत ठेवायचे, कोठे त्याला मागे टाकायचे आणि अखेरच्या टप्प्यासाठी किती बळ राखायचे, हे शर्यतींतूनच उमगते. चौगुले यांना ती शाळा मिळालीच नाही. मॅरेथॉनमध्ये याहून वरचा क्रमांक मिळवण्यासाठी भारताला १९७६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी माँट्रियलमध्ये शिवनाथ सिंग ११ वे आले.

चौगुले यांचे निधन १९५२ साली झाले. त्याच वर्षी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. वेगाने धावायचे, थोडे सावकाश धावून दम घ्यायचा आणि पुन्हा वेग धरायचा, अशा आवर्तनांच्या कठोर सरावातून त्याची ताकद घडली होती. खाशाबांच्या मागे तालमीची परंपरा होती, तर झाटोपेकच्या मागे सरावाची पद्धत. चौगुले यांच्यामागे यांपैकी काहीही नव्हते, आणि म्हणूनच त्यांचा १९ वा क्रमांक केवळ क्रमवारीच्या मापाने मोजता येत नाही.