फिशर ब्लॅक : फायनान्सची पदवी नसलेला वॉल स्ट्रीटचा गणितज्ञ

ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन. पण या हक्काची किंमत किती असावी? याचं सर्वांत गाजलेलं सूत्र मांडणाऱ्यांपैकी एक होते फिशर ब्लॅक. गंमत म्हणजे त्यांच्याकडे ना अर्थशास्त्राची पदवी होती, ना फायनान्सची.

ब्लॅक यांचा जन्म १९३८ मध्ये वॉशिंग्टनला झाला. हार्वर्डमध्ये ते आधी भौतिकशास्त्र शिकले, मग १९६४ मध्ये त्यांनी उपयोजित गणितात पीएचडी मिळवली. एका सल्लागार कंपनीत नोकरी करताना त्यांना फायनान्सची गोडी लागली. १९७३ मध्ये मायरन शोल्स यांच्यासोबत त्यांनी ते सूत्र प्रसिद्ध केलं. त्याआधी हा शोधनिबंध नाकारलाही गेला होता.

शिकागो विद्यापीठ आणि एमआयटीत शिकवल्यानंतर १९८४ मध्ये ते गोल्डमन सॅक्समध्ये आले. तिथे त्यांनी गणिती मॉडेल बनवणारी टीम सांभाळली. अशा लोकांना 'क्वांट' म्हणतात.

क्वांटना बसवायचं कुठे, हा प्रश्न आजही आहे. ट्रेडरच्या शेजारी बसवलं, तर गरज लगेच कळते, पण सौद्याचं दडपण येतं. लांब बसवलं, तर संशोधन निवांत होतं, पण ते कपाटातच राहण्याची भीती. ब्लॅक यांचा भर वापरावर होता. बाँडवरच्या ऑप्शनची किंमत काढताना ट्रेडरना अडचण येत होती. त्यातूनच इमॅन्युएल डर्मन आणि बिल टॉय यांच्यासोबत त्यांनी 'ब्लॅक-डर्मन-टॉय' मॉडेल तयार केलं.

विशेष म्हणजे, स्वतःच्या सूत्रातल्या त्रुटींवर त्यांनी १९८९ मध्ये लेख लिहिला. शेअरच्या किमतीतले चढउतार कायम सारखेच राहतात, हे गृहीतकच वास्तवात टिकत नाही, हे ते जाणून होते.

१९९५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, कॅन्सरने त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना नोबेल मिळालं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, म्हणून ब्लॅक यांचं नाव विजेत्यांत नाही.

आज मोठ्या बँकांत काही क्वांट ट्रेडिंग डेस्कसोबत काम करतात, तर मॉडेलची तपासणी वेगळी टीम करते. २०११ मध्ये अमेरिकी नियामकांनीही स्वतंत्र तपासणीवर भर दिला. कारण साधं आहे. स्वतःचा पेपर स्वतःच तपासला, तर चुका सापडत नाहीत. ब्लॅक यांच्यासारखे स्वतःच्या चुका शोधणारे विरळाच. म्हणून बँकांना त्यासाठी वेगळी टीम लागते.